शिडीवरचा शिक्का

"माझा शिक्का बराबर शिडीच्या मधल्या पायरीवर बसला बघ," शाळेच्या दारातून बाहेर येता येता आत्या म्हणाल्या. शाई लावलेलं बोट त्यांनी अंगापासून लांब धरलं होतं, जणू ते आता त्यांचं एकटीचं राहिलं नव्हतं. "तो साहेब मला म्हनतो, आजी, कागदाची घडी नीट घाला. म्या म्हनलं, बाबा, जल्मभर लुगड्याच्या निऱ्या घातल्यात. तू नगो शिकवू."

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. मला सातवा महिना सरत आला होता आणि उन्हात उभं राहून पाय भरून आले होते.

"मालनला फुडं जाऊ द्या गं. दोन जिवांची हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"मग दोन कागद दील का तो साहेब?" दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हशा पिकला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, ठकूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणायची रीत. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर जी निवांत कळा होती, तशी मी लग्न होऊन आल्यापासून पाहिली नव्हती. डोक्यावरचं मोठं ओझं त्यांनी अलगद खाली ठेवलं होतं. ते ओझं काय होतं, ते अख्ख्या खडकाळे गावाला माहीत होतं.

मी त्या घरात येण्याच्या दोन वर्षं आधी त्यांची लेक कमळ गेली होती. पहिलं बाळंतपण अडलं, माणी नदीला पूर, पलीकडे चंदनपूरला दवाखाना, आणि होडी यायला तयार नाही. दिवसभर त्या काठावर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसून होत्या. पुढच्या हिवाळ्यात चंदनपूरचे खासदार नानासाहेब त्या बाजूने चालले होते, त्यांची जीप नदीच्या वाळूत रुतली. गावाने बैल जोडून जीप बाहेर काढली. तोवर नानासाहेब आमच्या ओसरीवर बसले होते, आणि आत्यांनी त्यांना कमळची गोष्ट सांगितली. रडल्या नाहीत, नुसती सांगितली. वर्षभरात नदीवर साकव झाला. साकव म्हणजे काय, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढा पूल. पण आजारी माणसाची बाज उचलून नेता येत होती.

साकव झाला त्या रविवारी गाव खंडोबाच्या देवळात जमलं आणि बेलभंडार उचलला. आमच्या गावात साध्या शब्दाला किंमत होती, पण बेल आणि भंडारा तळहातावर घेऊन बोललेला शब्द मोडायची छाती कुणाची नव्हती. पुढच्या दिल्लीच्या इलेक्शनला गावाचं मत नानासाहेबांच्या शिडीला, असं ठरलं. शिडी ही त्यांची निशाणी. ते अपक्ष होते. सगळे एवढंच बोलले. आत्या मात्र आणखी बोलल्या. पोटात साठलेलं होतं, ते भंडाऱ्याबरोबर बाहेर आलं असणार.

"ह्या मानसाबिगर दुसऱ्या कुनाला माझ्या घरातलं मत गेलं, तर माझ्या घरात पाळना हालू नये."

गुरवाने म्हणे त्यांचा हात धरला होता. पण शब्द बोलून झाला होता.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी त्या घरात आले, आणि निवडणूक आणि माझे दिवस एकदमच आले.

नानासाहेब मत मागायला आले नाहीत. त्यांचा माणूसही फिरकला नाही. गावाने त्याचा असा अर्थ लावला की, त्याला ठाऊक आहे, खडकाळ्याने भंडार उचललाय, मग तो कशाला तंगडतोड करील? चंदनपूरच्या बाजारात भिंतीभिंतीवर रंगवलेली शिडी आमची माणसं बघून येत आणि खूश होत. मध्ये एकदा तलाठ्याने दवंडी दिली होती की मतदारसंघ नव्याने पाडलेत, माणी नदीच्या अलीकडची गावं चंदनपुरातून काढून नव्या भैरवपेठ मतदारसंघात घातलीत. बयाजी आप्पा हे गावातलं वडीलधारं माणूस, त्यांनी दवंडी ऐकली आणि चंची सोडत विचारलं, "म्हंजी गाव हालनार?"

"गाव कसं हालंल, आप्पा?"

"नदी तितंच?"

"तितंच."

"मग झालं तर. पेट्या हिकडं मोजायच्या त्या तिकडं मोजतील. आपल्याला काय करायचंय."

एवढ्यावर तो विषय मिटला. भैरवपेठ आमच्यापासून दोन घाट ओलांडून. तिथला बाजार आम्हाला ठाऊक नाही, तिथे सोयरीक नाही. तिकडची एक जीप धूळ उडवत आली होती. गावाने तिला चहा पाजला आणि "आमचं ठरलंय" म्हणून परत लावली.

माझा नंबर आला. बोटाला शाई लागली. साहेबाने कागद आणि शिक्का हातात दिला, आणि मी गोणपाटाच्या आडोशाला गेले. शिडी लगेच दिसली, वरून चौथी. शिक्का टेकवणार, तेवढ्यात माझी सातवीपर्यंतच्या शिक्षणाची खोड आडवी आली. समोर अक्षर आलं की मला ते वाचल्याशिवाय राहवत नसे. पुडीचा कागदही मी उलगडून वाचायची.

शिडीच्या शेजारी छापलं होतं: रासने रंगनाथ भिकाजी.

मी पुन्हा वाचलं. मग वरून खाली सगळी नावं वाचली. मग खालून वर. नानासाहेबांचं नाव कुठेच नव्हतं.

आधी वाटलं, मलाच भोवळ आलीय. मग वाटलं, नानासाहेब हे काही पाळण्यातलं नाव नसणार, खरं नाव हेच असेल. पण त्यांचं आडनाव चंदनपूरच्या भिंतीवर मी वाचलं होतं, ते रासने नव्हतं. मी आडोशातून तोंड बाहेर काढलं.

"साहेब, यात नानासाहेब कुठं आहेत?"

साहेब घाबरलाच. "बाई, बाहेर बघून बोलू नका. कोण नानासाहेब?"

"शिडीवाले. चंदनपूरचे."

"अहो, ते चंदनपूरला उभे आहेत. तुम्ही भैरवपेठेत आलात आता. तिथली शिडी त्यांची, इथली शिडी या दुसऱ्या माणसाची. अपक्षांच्या निशाण्या जागोजागी वेगळ्या माणसाला मिळतात. करा लवकर, लोक खोळंबलेत."

मी परत आत झाले. कागद समोर होता, शिक्का हातात होता, आणि पोटात बाळ एकाएकी जोरात फिरलं. आत्यांचा शिक्का मधल्या पायरीवर बसला होता. ह्यांनी सकाळीच मत दिलं होतं, तेही शिडीलाच. आता मी काय करायचं? कोरा कागद टाकायचा? भलत्याला द्यायचं? कुठे दिलं म्हणजे शब्द राहील, आणि कुठे दिलं म्हणजे मोडेल, मला कळेना. शेवटी घरातली मतं निदान एका जागी राहावीत म्हणून मी शिडीवर शिक्का मारला, घडी घातली आणि पेटीत टाकली.

बाहेर आले तर आत्या माझीच वाट बघत होत्या. "मारलास?"

"मारला."

"शिडीवर?"

"शिडीवर." आणि मग माझ्याच्याने राहवलं नाही. "पण आत्या, ती शिडी नानासाहेबांची नाही."

त्या मिनिटाला शाळेच्या अंगणात जो गोंधळ माजला, तो मी आजही डोळे मिटले की ऐकते. आधी कुणाला खरंच वाटेना. मग वाचता येणारे पुरुष पुढे झाले, तर त्यांनीही कबूल केलं की शिडी दिसल्यावर नाव कुणी वाचलंच नव्हतं. आमचे हेही त्यातलेच.

"छापनाराची चुकी असंल," सोपान गुरव म्हणाला.

"नानासाहेबांचं जन्मनाव असंल रासने."

"आडनाव जन्मनाव असतंय व्हय रं, खुळ्या?"

"दत्तक गेलं असतील."

"ह्या वयात?"

ज्यांचं मत द्यायचं राहिलं होतं ते रांगेत तसेच खिळून उभे राहिले. बयाजी आप्पांना विचारलं, तर त्यांनी चंची काढली, पान लावलं, खाल्लं, आणि म्हणाले, "शब्द शिडीचा का मानसाचा?"

"दोन्हीचा, आप्पा. नानासाहेबांच्या शिडीला, असं बोललो हुतो."

"मग अर्धा तर पाळा." असं म्हणून ते स्वतः आत गेले. त्यांच्यामागे राहिलेलं सगळं गाव मान खाली घालून आत गेलं, आणि मुकाट्याने अनोळखी माणसाला मत देऊन बाहेर आलं.

आत्या तेवढ्या वेळात शाळेच्या पायरीवर बसून होत्या. शाईचं बोट त्यांनी मुठीत दडवलं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. माझ्या पोटाकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

*

मला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. हिरवा चुडा आणि डोहाळजेवण इलेक्शन झाल्यावर करायचं ठरलं होतं. आत्यांनी पाळणा माळ्यावरून काढून धुवून-पुसून वाळत घातला होता. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी आधी तो परत माळ्यावर टाकला. चुड्याचं कुणी नाव काढलं की म्हणायच्या, "बघू."

"आई, अगं तू काय मुद्दाम केलंस का?" हे त्यांना समजवायचे.

"विस्तव मुद्दाम धरला काय आन् चुकून धरला काय," त्या म्हणायच्या.

माझ्याशी त्यांचं वागणं वाईट नव्हतं. उलट जास्तच जपत होत्या. घागर उचलू देत नसत, जेवायला आधी मला वाढत. पण पूर्वी संध्याकाळी माझ्या पोटावर तेलाचा हात फिरवत, तो फिरवायच्या थांबल्या. आपला हात लागला तर काहीतरी होईल, असं त्यांना वाटत होतं. आणि ते बघता बघता मलाही वाटायला लागलं. बाळ थोडा वेळ हललं नाही की मी घाबरून उताणी पडायची आणि श्वास रोखून वाट बघायची.

निकाल लागला. नानासाहेब चंदनपूरला निवडून आले. ते कळल्यावर आत्या ह्यांना घेऊन साकवावरून पलीकडे गेल्या. नानासाहेबांनी आपल्या तोंडाने "तुम्हाला मोकळं केलं" असं म्हणावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. दिवस मावळताना परत आल्या. उजव्या हाताची मूठ मिटलेली.

"काय म्हणाले?" मी ह्यांना हळूच विचारलं.

"गर्दी होती. हार-तुरे चाललेले. आई पुढं गेली, म्हणाली, मी साकववाली. ते म्हणाले, कुठला साकव? मग हसले, म्हणाले, आजी, तुमच्यासारख्यांच्या आशीर्वादानेच आलो. आणि हातावर पेढा ठेवला."

आत्यांनी मूठ उघडली. पेढ्याचा चुरा झाला होता. त्यांनी तो तुळशीपाशी मुंग्यांना घातला.

दुसऱ्या दिवशी त्या देवाला कौल लावायला गेल्या. मीही मागोमाग गेले. सोपानने देवाच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला एकेक कळी चिकटवली. उजवी पडली तर शब्द पाळला, डावी पडली तर मोडला. आम्ही बसून राहिलो. समईची वात दोनदा पुढे करावी लागली. आणि मग दोन्ही कळ्या एकदमच खाली आल्या.

सोपान डोकं खाजवायला लागला. "ठकूकाकू, म्या इतकी वरसं देवाजवळ हाय. असं कंदी झालं न्हाई. देवाला सवालच उमगंना जनू."

"त्येला तरी कसा उमगंल," आत्या म्हणाल्या, आणि उठल्या.

*

चैत्र लागला होता. दुपारची वेळ. देवळापुढच्या लिंबाखाली पुरुष लवंडलेले, आम्ही बायका पारावर शेवया वळत बसलेल्या. घाटाच्या वाटेने एक माणूस खाली येताना दिसला. खांद्यावर बोचकं, डोक्याला विटका फेटा, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेलं. पन्नाशी उलटून गेलेला, अंगाने काटकुळा.

तो लिंबापाशी थांबला. पाणी मागितलं, प्यायला. मग विचारलं, "हेच खडकाळे ना?"

"व्हय. आपन कुठलं?"

"भैरवपेठेच्या पल्याडचा. मी रासने. रंगनाथ रासने." तो थोडा घुटमळला. "शिडीवाला."

लवंडलेले पुरुष उठून बसले. माझ्या हातातली शेवई तुटली.

त्याने बोचकं खाली ठेवलं आणि हात जोडले. चारी दिशांना वळून वळून जोडले. देवळाला, लिंबाला, आम्हा बायकांना.

"मोजणीला मी टेबलापाशी बसलो होतो. एकेक गावची पेटी फोडत होते. कुठं चार, कुठं सात. माझ्या स्वतःच्या गावात सुद्धा बोटांवर मोजण्याइतकी. माझ्या शेजारचे मला बघून हसत होते. आणि मग खडकाळ्याची पेटी फुटली. शिडी, शिडी, शिडी... मोजणारा थांबला, म्हणाला, काहीतरी चुकलंय, परत मोजा. परत मोजलं. अख्खं गाव! मी या गावात कधी पाऊल ठेवलं नाही. इथं माझं कुणी नाही. रात्री झोप लागत नाही मला. मी आलो ते एवढंच विचारायला की... का? माझ्याबद्दल तुम्हाला सांगितलं कुणी?"

बयाजी आप्पांनी चंची काढली, पण उघडली नाही. सोपान देवळाच्या कळसाकडे बघायला लागला. मला वाटलं, आता कुणीतरी बोलून जाईल आणि या माणसाचं तोंड कसं होईल, ते मला बघवणार नाही.

"काय करता तुमी?" आत्यांनी विचारलं. त्या पारावरून उतरून पुढे आल्या होत्या.

"कासार आहे, आजी. बांगड्या भरतो. बोचक्यात तेच आहे."

"आन् इलेक्शनला कशाला हुबं ऱ्हायलात?"

तो ओशाळून हसला. "लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. म्हणाले, रंगनाथ, तुझ्याइतकी घरं कुणाला ठाऊक? चाळीस गावच्या बायका तुला हात देतात. उभा राहा. मलाही वाटलं, खरंच की. बायकांना विचारत फिरलो, मत देणार ना? तर म्हणाल्या, मालकाला इचारून सांगतो. मालकांना विचारलं, तर म्हणाले, बांगडीवाल्याला दिल्लीला धाडून काय तिथल्या लोकास्नी चुडा भरायचाय का?"

पुरुष मोठ्याने हसले आणि मग हसल्याबद्दल वरमले. तोही हसत होता. मग गंभीर झाला. "आता सांगा, आजी. मला मत का दिलंत?"

मी आत्यांकडे बघत होते.

"भंडार उचलला हुता," त्या म्हणाल्या.

"कुणासाठी?"

वारा पडला होता. लिंबाचं पानही हलत नव्हतं.

"शिडीसाठी," आत्या म्हणाल्या.

रासने कासाराने फेटा काढून मांडीवर घेतला आणि तो लहान पोरासारखा त्यात तोंड खुपसून रडला. बेलभंडार म्हणजे काय ते त्यालाही ठाऊक होतं. त्याच्या भागातही खंडोबा होताच.

रडून झाल्यावर त्याने तोंड पुसलं आणि बोचकं सोडलं. हिरव्या, लाल, चिंतामणी रंगाच्या बांगड्यांच्या माळा उन्हात चमकायला लागल्या. "या आयांनो, एकेक करून बसा. आज पैशाचं नाव काढायचं नाही. तुम्ही शब्द पाळलात, आता मला काहीतरी फेडू द्या."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मग एक बसली, मग दुसरी. बांगड्या भरून झाल्या की कासाराला वाकून नमस्कार करायची आमच्याकडे रीत आहे. एकेक बाई उठली, वाकली, आणि हात बघत बाजूला झाली.

"ही तुमची सून ना?" त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. "दिवस भरत आले आणि हात रिकामे? हिरवा चुडा नाही भरला अजून?"

मी आत्यांच्या तोंडाकडे पाहिलं. 'नको' म्हणतील असं वाटलं. त्यांनी डोळे मिटले, आणि मान हलवली. हो म्हणून.

मी बसले. माझे हात सुजले होते. कासाराने माझा पंजा हातात घेतला, बोटांचे सांधे दाबून बघितले आणि म्हणाला, "तेलाचं बोट आणा." मी आत्यांकडे चोरून बघितलं. त्यांची नजर बांगडीवर खिळली होती, आणि त्या नजरेतलं मला वाचता येत होतं. यातली एक जरी तडकली तरी त्यांना उत्तर मिळणार होतं. मलाही.

कासार एकसारखा बोलत होता. त्याच्या थोरल्या लेकीबद्दल, तिच्या पोरांबद्दल, घाटातल्या माकडांनी त्याची भाकरी पळवली त्याबद्दल. बोलता बोलता त्याने अंगठ्याचा सांधा आत दाबला आणि पहिली बांगडी सरकली. मग दुसरी. एक बांगडी नेमकी हाडावर अडली. कासार बोलायचा थांबला. मी दात आवळले. त्याने माझ्या हाताला हलकेच पीळ दिला, फुंकर घातली, आणि बांगडी सुळकन मनगटात आली.

दोन्ही हात भरले. एकही तडकली नाही.

मला वाकता येईना. कासाराने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "राहू दे, पोरी. बाळ घेऊन ये माझ्या गावाला. बिंदल्या मी देईन."

तो बोचकं आवळायला लागला, तेव्हा आत्या पुढे झाल्या. त्यांचे हात कैक वर्षांचे उघडे. विधवा बाईचा आणि कासाराचा काय संबंध? पण त्या त्याच्यापुढे जमिनीला डोकं टेकून वाकल्या.

"आजी, तुम्ही कशाला? मी काय भरलं तुमच्या हातात?"

"मत दिलंय ना तुमास्नी," आत्या म्हणाल्या. "मग नमस्कार बी घ्या."

रासने कासार पुढे दरवर्षी चैत्रात येत राहिले. गावाने त्यांना कधीच काही सांगितलं नाही. माझ्या लेकीच्या मनगटात पहिल्या बिंदल्या त्यांच्याच. मतदारसंघ त्यानंतर आणखी एकदा पाडले. खडकाळे परत नदीपलीकडच्यांत गेलं, आणि चंदनपूर-भैरवपेठ ही नावंही आता मतदारसंघांना उरली नाहीत. माझ्या नातवंडांना मी सांगते की एका इलेक्शनला आमचं अख्खं गाव चुकलं होतं, तर ती विचारतात, मग बरोबर कोण होतं?

कासार घाट चढून दिसेनासा झाला, तेव्हा आम्ही घरी आलो. आत्या हात-पाय धुऊन देवापुढे बसल्या, आणि उठल्या त्या थेट माळ्याखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"पाळना काढ रं," त्यांनी ह्यांना हाक मारली.

"आत्ता? अजून बाळ..."

"काढ म्हनलं ना."

ह्यांनी पाळणा खाली दिला. मी धीर करून विचारलं, "आत्या, पण भंडार तर नानासाहेबांसाठी उचलला होता."

त्या फडक्याने पाळण्याची धूळ झटकत होत्या. "ज्याच्यासाठी उचलला, त्येला ठावं बी न्हाई. ज्याला दिलं, तो उन्हातानाचा दोन घाट चालत आला. आता तूच सांग, भंडार कुनाचा?"

"मला नाही कळत."

"मला तरी कुठं कळतंय," त्या म्हणाल्या.

ह्यांनी आढ्याच्या कडीला दोऱ्या बांधल्या. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून आत्यांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, धुतला, पुसला, आणि माझी जुनी चोळी त्याच्याभोवती गुंडाळून तो पाळण्यात निजवला. मग त्यांनी माझा बांगड्या भरलेला हात धरला, दोरीवर ठेवला, आणि वरून आपला हात ठेवला. शाईचा डाग त्यांच्या नखावर अजून होता.

दोघींनी मिळून दोरी ओढली. कडी कुरकुरली. आत्या श्वास रोखून वर बघत उभ्या राहिल्या, काय होतंय ते बघत.

पाळणा हलत होता.